काळ्या मातीवरची मर्सिडीज

रात्री यवतमाळ-दारव्हा रस्त्यावर समोरून एखादी जुनी मर्सिडीज येत असेल, तर तिच्या दिव्यांकडे बघावं. झोत आधी डांबरावर असतो, मग हळूच उचलला जातो, कडेच्या कडुनिंबाच्या शेंड्याला लागतो, खाली येतो आणि पुन्हा चढतो. समोरच्या ट्रकवाल्याला वाटतं, हा मुद्दाम अप्पर मारतोय. तो चिडून आपलाही अप्पर मारतो. मर्सिडीजवाल्याने मात्र बटणाला हातसुद्धा लावलेला नसतो. उलट गाडी कशी लोण्यासारखी चाललीय, अशा खुशीत तो असतो. खोट दिव्यांत नसतेच. ती दिव्यांच्या साडेतीन मीटर मागे, मागच्या चाकांजवळ बसवलेल्या मनगटाएवढ्या जाडीच्या दोन नळकांड्यांत असते.

गॅरेजात या नळकांड्यांना शॉकअप म्हणतात. वऱ्हाडातला मेकॅनिक गाडी एक फेरी मारून आणतो आणि हात पुसत सांगतो, "मांगून डुलून राह्यली ना भाऊ गाडी. शॉकअप गेले." निदान बहुतेक वेळा बरोबर निघतं. पण जुन्या आलिशान गाडीच्या बाबतीत त्या 'बहुतेक'मध्येच खिसा रिकामा होतो, कारण मागून डुलणारी, खडखडणारी किंवा बसलेली गाडी यांची कारणं एकच नसतात.

या गाड्या इथवर आल्या कशा, तेही पाहण्यासारखं आहे. तीन टोकांचा तारा भारतातल्या रस्त्यांना जुना. १९५४ मध्ये टाटांची टेल्को आणि डायम्लर-बेंझ यांचा करार झाला आणि टाटा-मर्सिडीज-बेंझचे ट्रक गावोगाव दिसू लागले. तारा मोटारीवर बसून आला तो मात्र पुण्याजवळून. मर्सिडीज-बेंझची भारतातली कंपनी १९९४ मध्ये स्थापन झाली आणि १९९५ पासून पिंपरीत टेल्कोच्या आवारात डब्ल्यू-१२४ या पिढीची ई-क्लास जोडली जाऊ लागली. कारखाना पुढे २००९ मध्ये चाकणला गेला. त्यानंतरच्या वर्षी महाराष्ट्रातल्या महानगरांबाहेरच्या पैशाने सगळ्यांना चकित केलं. ऑक्टोबर २०१० मध्ये औरंगाबादच्या, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरच्या मंडळींनी एकत्र येऊन एका सौद्यात १५० मर्सिडीज विकत घेतल्या. सौदा ६५ कोटींच्या आसपासचा होता आणि त्याच्या बातम्या देशभर झाल्या. त्या पिढीच्या गाड्यांनी आता पंधरा वर्षं ओलांडली आहेत. अशा गाडीचा पहिला मालक नवी घेतो, दुसरा हौसेने वापरतो आणि तिसऱ्या-चौथ्या हाती येईतो तिची किंमत नव्या छोट्या हॅचबॅकइतकी उरते. सुट्या भागांची किंमत मात्र मर्सिडीजचीच राहते. एमएच-२९ या यवतमाळच्या पासिंगच्या दुनियेत अशी गाडी शिरते, ती साधारण याच टप्प्यावर.

आणि इथे तिची गाठ काळ्या मातीशी पडते. पण मातीआधी शॉकअप समजून घेऊ.

शॉक अॅब्सॉर्बर हे त्याचं पूर्ण नावच मुळात फसवं आहे. धक्का पचवते ती स्प्रिंग. चाक खड्ड्यात गेलं किंवा गतिरोधकावर चढलं की स्प्रिंग दबते, धक्का पोटात घेते. पण स्प्रिंगला घेतलेलं परत करायची खोड असते. दबली की उसळते, उसळली की पुन्हा दबते, आणि तिला आवरणारं कुणी नसेल तर गाडी बराच वेळ वरखाली होत राहते. शॉकअपचं काम हे आवरण्याचं. त्याच्या आत तेलात बुडालेला एक दट्ट्या असतो आणि दट्ट्याला बारीक छिद्रं व पातळ पोलादी चकत्यांच्या झडपा असतात. गाडी हलली की तेलाला त्या अरुंद वाटांतून ढकलून पलीकडे जावं लागतं. त्या रेटारेटीत हालचालीची शक्ती उष्णतेत बदलते आणि ती उष्णता नळकांड्याच्या पत्र्यावाटे हवेत जाते. म्हणजे शॉकअप ही एक प्रकारची चूल आहे. हे ध्यानात ठेवावं, पुढे निदान करताना त्याचाच उपयोग होतो.

आता माती. यवतमाळ जिल्ह्याच्या मोठ्या भागात बेसॉल्टचा खडक कुजून तयार झालेली काळी, चिकण माती आहे. कापूस पिकतो तो तिच्याच जिवावर; इंग्रजांनी तिला नावही कापसाचंच दिलं. हिच्यातलं मॉन्टमोरिलोनाइट नावाचं खनिज पाणी पिऊन फुगतं आणि वाळलं की आक्रसतं. वैशाखात शेताला पडलेल्या भेगेत काठी उभी घालता येते आणि श्रावणात तीच भेग मिटलेली दिसते, ती याचमुळे. पिकाला ओल धरून ठेवणारा हा गुण रस्त्याला मात्र बाधतो. डांबराखालची माती सगळीकडे सारखी फुगत नाही. कडेला जास्त, मधे कमी. मोरीजवळ जास्त, चढावर कमी. मुरमाचा जाड थर देऊन किंवा मातीत चुना मिसळून अभियंते तिला आवर घालतात. जिथे तो थर तोकडा पडतो, तिथे चार-दोन पावसाळ्यांत रस्त्याला लाटा येतात. खड्डा एकही नसतो, डांबर अखंड असतं, आणि तरी गाडी होडीसारखी चालते.

खड्डा टायर फोडतो, रिम वाकवतो. त्याची फिर्याद लगेच होते. लाट शॉकअपला आतून झिजवते आणि कुणाला पत्ता लागत नाही. इथे थोडं गणित करून पाहावं. मोठ्या आरामदायी गाडीचं शरीर स्प्रिंगवर सेकंदाला एक-सव्वा वेळा झुलतं, ती तिची स्वाभाविक लय. ताशी ८० किलोमीटर म्हणजे सेकंदाला सुमारे २२ मीटर. रस्त्यावरच्या लाटा जर २० मीटरच्या अंतराने असतील, तर गाडीला सेकंदाला साधारण एक धक्का बसतो, नेमका तिच्याच लयीत. झोपाळा परत येतो त्याच क्षणी त्याला धक्का दिला की झोका वाढत जातो, तसं हे. त्याच रस्त्यावर ताशी ४० ने जाणाऱ्या ट्रॅक्टरला किंवा एसटीला काहीच जाणवत नाही. म्हणूनच 'हा रस्ता बरा आहे' आणि 'हा रस्ता पोट ढवळतो' अशी दोन मतं एकाच रस्त्याबद्दल ऐकू येतात आणि दोन्ही खरी असतात.

शॉकअप उत्पादकांच्या हिशेबाने तो किलोमीटरला हजाराच्या आसपास वेळा वरखाली होतो. एवढ्या येरझाऱ्यांत झिजतो तो प्रामुख्याने रॉडभोवतीचा रबरी सील. रॉडवर आरशासारखा क्रोमचा मुलामा असतो आणि त्याला बारीकसा ओरखडा पडला तरी तो सीलला करवतीसारखा कापतो. रॉडवरचं धूळरोधक आवरण फाटलं की ही वेळ लवकर येते. वणीच्या बाजूला कोळशाच्या ट्रकांची वर्दळ, राजूरकडे चुनखडीची पांढरी भुकटी, बाकी सगळीकडे मुरमाची धूळ. रॉडला कमी काही पडत नाही. सील गेला की तेल झिरपतं, तेलाची जागा हवा घेते आणि दट्ट्या तेलाऐवजी फेसात फिरू लागतो. फेस ढकलायला जोर लागत नाही, त्यामुळे शॉकअप जागेवर असून नसल्यासारखा होतो.

या फेसावरचा उपाय १९५० च्या दशकात आला. क्रिस्तियाँ बूर्सिए द कार्बोन या फ्रेंच अभियंत्याने एकाच नळीचा शॉकअप बनवला, ज्यात तेलाच्या खाली एका तरंगत्या दट्ट्याआड दाबाखालचा वायू कोंडलेला असतो. तेलावर सतत दाब राहिल्याने फेस धरत नाही. जर्मनीच्या बिलस्टाइनने तो १९५७ मध्ये मर्सिडीजसाठी मोठ्या प्रमाणावर तयार करायला घेतला. आपल्याकडे गॅब्रिएल इंडियाने १९६१ मध्ये मुंबईत मुलुंडला सुरुवात केली. आजही खेड्यापाड्यातल्या गॅरेजांत कुठल्याही कंपनीच्या शॉकअपला 'ग्याब्रियल' म्हणणारे जुने मिस्त्री भेटतात.

निदानाकडे वळू. पहिली गोष्ट फुकटची आहे: टायरची हवा. हवा ठरल्यापेक्षा कमी-जास्त असेल तर पुढची कुठलीही तपासणी करण्यात अर्थ नाही. आश्चर्य वाटेल, पण 'मागून सरकतेय' या तक्रारीतला एक हिस्सा पेट्रोल पंपावरच मिटतो.

दुसरी तपासणी सगळ्यांना माहीत असलेली: डिकीवर दोन्ही हातांनी जोर देऊन गाडी दाबायची आणि सोडायची. ती वर येऊन एकदाच स्थिरावली तर ठीक, दोन-तीनदा डुलली तर शॉकअप गेला. या परीक्षेवर लोकांचा फार विश्वास आहे आणि तो अर्धाच खरा आहे. गाडी डुलली तर निकाल पक्का. नाही डुलली तर मात्र काहीच सिद्ध होत नाही. हाताने दाबताना दट्ट्या फार सावकाश हलतो. रस्त्यावर तो त्याच्या कितीतरी पट वेगाने हलतो आणि झडपा कमजोर झालेल्या असतील तर ते त्या वेगातच कळतं. शिवाय पंधरा-वीस वर्षं जुन्या गाडीतले सुजलेले, ताठरलेले रबरी बुश स्वतःच गाडी धरून ठेवतात. २००८ च्या आसपास आलेल्या सी-क्लासमध्ये तर अशा झडपा होत्या की बारीक हालचालीला शॉकअप मऊ आणि मोठ्या हालचालीला कडक लागावा. तिथे डिकी दाबून मिळालेलं उत्तर आणखीच फसवं.

त्यापेक्षा टायर जास्त खरं बोलतो. मागच्या टायरवरून तळहात फिरवावा, आधी एका दिशेने, मग उलट. शॉकअप मेला असेल तर चाक रस्त्यावर सलग न टेकता टप्पे खात जातं, आणि जिथे टेकतं तिथेच घासतं. रबरावर ठरावीक अंतराने वाटीसारखे खोलगट भाग तयार होतात. डोळ्यांना ते चटकन दिसत नाहीत, हाताला मात्र लाटा लागतात. कानाला ऐकू येतो तो घूं-घूं आवाज, जो बेअरिंग गेल्यासारखा वाटतो आणि त्यापायी चांगली बेअरिंगं बदलली जातात. टायर नुसता आतल्या कडेने सरळ रेषेत खाल्ला असेल, तर दोष अलाइनमेंटचा किंवा लिंकच्या बुशांचा. जुन्या ई-क्लासच्या मागच्या प्रत्येक चाकाला पाच वेगवेगळे दांडे, म्हणजेच लिंक, धरून असतात. त्यांतल्या एकाचा जरी बुश सैल झाला, तरी सरळ रस्त्यावर शेपूट हलल्यासारखं वाटतं आणि बिल शॉकअपच्या नावाने फाटतं.

मग गाडीखाली वाकून बघायचं. नळकांड्याच्या वरच्या भागावर धूळ चिकटलेली तेलाची पुसट साय असेल, तर घाबरायचं कारण नाही. रॉड वरखाली होताना थोडं तेल बाहेर येतंच. पण ओघळ खालच्या बोल्टपर्यंत आलेला असेल आणि त्यावर माती बसून काळा, ओला लगदा झाला असेल, तर वाद संपला. तो लगदा एकदा पुसून दोनशे किलोमीटर चालवून पुन्हा बघितलं, तर जुनं तेल की नवी गळती हेही कळतं. वर रबरी अडथळा असतो, ज्याला गॅरेजात 'बम्पस्टॉप' म्हणतात. त्याचे तुकडे पडले असतील, तर गाडी वारंवार तळाला जाऊन आपटत होती असं समजावं. लग्नसराईत मागे तीन माणसं आणि डिकीत भांडीकुंडी भरून पुसदच्या डोंगरातून आलेल्या गाडीत हे हमखास सापडतं.

सगळ्यात सुंदर तपासणी मात्र हाताच्या पंजाची. एखाद्या खडबडीत वाटेवर वीसेक किलोमीटर गाडी चालवावी, सपाट जागी उभी करावी, हँडब्रेक ओढावा आणि लगेच मागच्या दोन्ही शॉकअपांना बेताने हात लावावा. सायलेन्सरपासून मात्र जपून. शॉकअप ही चूल आहे, हे आधी आलंच. काम करणारा शॉकअप गरम झालेला असतो. एक गरम आणि एक जवळजवळ थंड लागला, तर थंडा तो मेलेला. त्याने वाटेत काही कामच केलेलं नाही. मे महिन्यातल्या ४५ अंशांच्या दुपारी हा फरक हाताला धड कळत नाही, तेव्हा सकाळची वेळ बरी. हल्ली दुरून तापमान मोजणारी छोटी यंत्रं मिळतात. ती असेल तर आकडाच मिळतो. दोन्ही सारखेच थंड निघाले तर उत्तर अर्थात आणखी वाईट.

एक घोळ इथेच सोडवलेला बरा. गाडी मागून खाली बसली असेल तर तो शॉकअपचा दोष नव्हे. साध्या रचनेत गाडीची उंची स्प्रिंग धरते, शॉकअप नाही. मागची बाजू दोन बोटं खाली आली असेल, तर स्प्रिंग थकलेली किंवा मोडलेली असते; मोड बहुधा शेवटच्या वेढ्यात असते, म्हणून चटकन दिसत नाही. ज्या गाड्यांत हवेवर चालणारं सस्पेन्शन आहे, उदाहरणार्थ १९९८ मध्ये आलेली एस-क्लास, तिथे रात्री नीट उभी केलेली गाडी सकाळी एका बाजूने बसलेली सापडते. त्या गाडीला साबणाचं पाणी लावून बुडबुडे शोधायचे असतात. गळती तशीच ठेवली तर हवा भरणारा कॉम्प्रेसर धावून धावून जळतो आणि मग दुखणं दुप्पट होतं.

बदलायचं ठरलं, की जोडी बदलायची. एकीकडे नवा आणि दुसरीकडे ऐंशी हजार किलोमीटर चाललेला ठेवला, तर वळणावर आणि जोरात ब्रेक मारताना दोन चाकं दोन मनांनी वागतात. भाग मागवताना गाडीचं मॉडेल सांगून भागत नाही, चासी नंबर द्यावा लागतो. एकाच वर्षाच्या एकाच गाडीला साधा, स्पोर्ट्स आणि आपोआप उंची सांभाळणारा असे तीन तऱ्हेचे शॉकअप असू शकतात. जुने शॉकअप फोडून, तेल भरून, पुन्हा झाळून देणारे कारागीरही आहेत. मोटारसायकलला किंवा जीपला ते कदाचित चालून जाईल. पण वायूच्या दाबावरच्या शॉकअपात नायट्रोजन पुन्हा त्या दाबाने भरण्याची सोय त्या दुकानात नसते, आणि बंद नळी तापवणं किंवा भोक पाडणं हे कारागिराच्या जिवावर बेतू शकतं.

कामाचा दिवस आदल्या संध्याकाळीच सुरू होतो. गंजलेल्या नटांवर गंज सोडवणारं तेल मारून ठेवायचं. दुसऱ्या दिवशी पुढच्या चाकांना ओटी, मागे जॅक, आणि जॅकच्या भरवशावर न राहता खाली लोखंडी घोड्या. चाक काढलं, की बरेच जण थेट खालच्या बोल्टला पाना लावतात. इथेच चूक होते. चाक किती खाली लोंबावं, हे डब्ल्यू-१२४ सारख्या गाडीत शॉकअपच ठरवतो. तो सुटला की चाकाचा आर्म धाडकन खाली येतो. ब्रेकची नळी ताणली जाते आणि दबलेली स्प्रिंग जागेवरून निसटू शकते. म्हणून आर्मखाली दुसरा जॅक लावून त्याला किंचित उचलून घेतल्याशिवाय शॉकअपचा नट सैल करायचा नाही.

वरचा नट बाहेरून सापडत नाही. काही गाड्यांत तो मागच्या सीटच्या पाठीआड असतो, काहींत डिकीच्या अस्तराखाली. नट फिरवला की रॉडही सोबत फिरतो, म्हणून रॉडचं टोक वेगळ्या पान्याने धरावं लागतं. ते न जमल्याने वैतागून रॉडच पक्कडीत धरणारे महाभाग आहेत. नव्या शॉकअपच्या रॉडला पक्कडीचे दात लागले, तर त्याचा सील पहिल्या पावसाळ्यालाच राम म्हणतो.

निघालेला जुना शॉकअप हातात घ्यावा आणि उभा धरून दाबावा. रॉड मध्येच कुठे सैल पडतो, कुठे अडतो, आतून चूळ भरल्यासारखा आवाज येतो आणि सोडल्यावर तो दबला तिथेच पडून राहतो. नवा वायूचा शॉकअप त्याला दाबून ठेवणारी पट्टी कापताच स्वतःहून, सावकाश, एकाच गतीने पूर्ण उंचीवर येतो. दोन्ही शेजारी ठेवून गाडीमालकाला दाखवले, की खर्चाबद्दलची कुरकुर बंद होते. नवा दोन नळ्यांचा असेल तर बसवण्याआधी उभा धरून चार-पाच वेळा दाबून सोडायचा. आडवा पडून राहिल्याने आतल्या नळीत शिरलेली हवा त्याने वर निघून जाते.

राहिला शेवटचा पाना. खालचा बोल्ट रबरी बुशातून जातो. चाक लोंबत असताना तो पक्का आवळला, तर गाडी खाली उतरताच बुश पिळला जातो आणि कायम पिळलेलाच राहतो. काही महिन्यांत तो फाटतो आणि खटखट सुरू होते. म्हणून आधी बोल्ट नुसता लावायचा, गाडीचं वजन चाकांवर येऊ द्यायचं किंवा आर्म तेवढ्या उंचीवर उचलायचा, आणि मगच टॉर्क पान्याने आवळायचा. अशा रचनेत शॉकअप चाकाची दिशा ठरवत नाही, त्यामुळे नुसते शॉकअप बदलल्यावर अलाइनमेंट बिघडत नाही. लिंक किंवा बुश बदलले असतील तर ते करून घ्यावं लागतं.

मग चाचणी, त्याच रस्त्यावर, त्याच वेगाने, तेवढ्याच माणसांसह, आणि शक्यतो रात्री. लाट येते, नाक वर जातं, दिव्यांचा झोत कडुनिंबाकडे निघतो आणि बुंध्यापाशीच थांबून परत डांबरावर येतो. समोरचा ट्रक अप्पर न मारता शेजारून निघून जातो. चारशे-पाचशे किलोमीटरनंतर डिकीचं अस्तर उचलून वरचे नट एकदा तपासायचे, एवढंच काम उरतं.